इंजिन माउंटिंग परत बसवताना भोकं जुळतच नाहीत, काम सोपं कसं करायचं?

चौथा_गिअर

मंडळी, सलग दोन संध्याकाळी गाडीखाली गेल्या म्हणून शेवटी धागा काढतोय. टायमिंग बेल्ट बदलायला घेतला होता, त्यासाठी उजव्या बाजूचं इंजिन माउंटिंग (इंजिन बॉडीवर धरणारा रबराचा आधार) काढावं लागतं. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, इंजिन आडवं, चार सिलिंडर. बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप सगळं नीट बसलं, क्रँक हाताने दोन फेरे फिरवून खुणा परत जुळवून बघितल्या, मला वाटलं अवघड काम संपलं, आता काय माउंटिंग टाकायचं आणि चार बोल्ट आवळायचे. तिथेच अडकलोय.

जुन्या माउंटिंगच्या खाली काळा ओलसर ओघळ दिसत होता (आत तेल असतं त्या प्रकारचं आहे) म्हणून नवीनच आणलं. बॉडीच्या बाजूला दोन बोल्ट आणि एक नट, ते बसतात. तिथून अॅल्युमिनियमचा एक हात इंजिनवरच्या ब्रॅकेटवर येतो, त्यात तीन बोल्ट वरून खाली जातात. दोन कसेबसे पकडले की तिसऱ्याचं भोक सरकलेलं असतं, तिसरा धरला की पहिला जात नाही. ऑइल चेंबरखाली लाकूड ठेवून जॅक लावलाय, वर केलं, खाली केलं, पहारीने ढकललं, निदान पन्नास वेळा तरी केलं असेल. बोल्टवर जोर द्यायची भीती वाटते कारण ब्रॅकेटमधले आटे अॅल्युमिनियमचे आहेत.

जबरदस्ती न करता हे बसवायची काहीतरी पद्धत असणारच, कारण गॅरेजमध्ये माणसं हे तासाभरात करताना बघितलंय.

पाऊलवाट

सेम अनुभव. मी शेवटी गोल कानस घेऊन हाताचं भोक मिलिमीटरभर मोठं केलं, गेला बोल्ट. दोन वर्षं झाली, गाडी चालू आहे.

टॉर्करेंच

@पाऊलवाट, हे कृपया दुसऱ्या कुणाला सुचवू नका, का ते सविस्तर लिहितो रात्री. @चौथा_गिअर, कानस हातात घेऊ नका अजून.

जुना_फिटर

चौथा गिअर, आधी दोन गोष्टी सांग. एक, इंजिन आत्ता कशावर आहे, फक्त जॅकवर की गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) आणि इंजिन जॅकवर? दोन, बाकीची माउंटिंग हलवलीस का, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूचं आणि खालचा टॉर्क रॉड?

चौथा_गिअर

काका, गाडी पुढून दोन घोड्यांवर आहे, मागच्या चाकांना पुढेमागे अडण लावलीय. इंजिन जॅकवर. बाकीच्या माउंटिंगला हात लावला नाही, म्हटलं जे नीट आहे ते कशाला सोडा.

जुना_फिटर

तिथेच आहे तुझी गोम. सगळेच हे करतात, मीही शिकत होतो तेव्हा हेच करायचो, उस्ताद ओरडायचा की एकाला सोडलंस आणि दोघांना बांधून ठेवलंस तर तिसरा जागेवर येईल कसा.

आता नीट वाच. आडव्या इंजिनाला साधारण तीन जागी आधार असतो. टायमिंगच्या बाजूचं माउंटिंग, गिअरबॉक्सच्या बाजूचं, आणि खाली मागच्या अंगाला टॉर्क रॉड, जो हाडकासारखा दिसतो, दोन टोकांना दोन रबरी बुश. पहिले दोघं वजन घेतात आणि खालचा रॉड इंजिनाला पुढेमागे डुलू देत नाही. तू उजवं काढलंस की इंजिन उरलेल्या दोघांभोवती फिरतं. ते फक्त खाली जात नाही, थोडं पुढे कलतं, थोडं आडवं सरकतं आणि गोलही फिरतं. आणि तू जॅकने त्याला फक्त वर-खाली करतोयस. जी चूक चार दिशांना झालीय ती तू एका दिशेने दुरुस्त करतोयस, मग पन्नास काय शंभर वेळा केलंस तरी दोन जुळतील आणि तिसरं सरकेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की माउंटिंगला इंजिनाकडे ओढायचं नाही, इंजिनाला मोकळं करून माउंटिंगखाली आणायचं. सगळे बोल्ट सैल, सगळी माउंटिंग लोंबती, आणि जोवर शेवटचा बोल्ट बोटांनी चार-पाच आटे आत गेला नाही तोवर एकही आवळायचा नाही.

पण टॉर्क रॉड सोडायच्या आधी इंजिनाचा आधार पक्का कर. रॉड सुटला की इंजिन खालून झोका घेतं आणि जॅकवरचं लाकूड घसरू शकतं. वरून आधार द्यायचा आडवा बार मिळाला तर सगळ्यात उत्तम, दोन्ही मडगार्डच्या कडांवर टेकतो आणि साखळीने इंजिनाच्या उचलायच्या कड्यांना धरतो. तो नसेल तर दोन जॅक घे, एक इंजिनाखाली एक गिअरबॉक्सखाली. आणि हात, म्हणजे बोटं, माउंटिंग आणि ब्रॅकेटच्या फटीत कधीच नाही. भोक जुळलं का ते बोट घालून बघायची सवय असते लोकांना, इंजिन २ मिमी जरी बसलं तरी बोट जातं.

नवशिका

काका, गिअरबॉक्सचं माउंटिंग पूर्ण काढायचं का नुसतं ढिलं?

जुना_फिटर

नुसतं ढिलं. बोल्ट दोन-तीन फेरे मागे, काढायचं नाही. पूर्ण काढलंस तर दुसरी डोकेदुखी. रॉडचा मात्र एका टोकाचा बोल्ट पूर्ण काढला तरी चालतो, ते शेवटी बसवायला सोपं आहे.

मृण्मयी_र

मी रबराच्या कंपाउंडिंगमध्ये काम करते, म्हणून रबराच्या बाजूने थोडं.

नवीन माउंटिंग जुन्यापेक्षा उंच असतं हे कुणी सांगत नाही. जुनं वर्षानुवर्षं इंजिनाच्या वजनाखाली बसून बसून कायमचं दबलेलं असतं. नव्यावर अजून वजनच आलेलं नाही, त्यामुळे त्याचा मधला भाग वर असतो. चौथा गिअर, जुनं-नवं दोन्ही शेजारी शेजारी टेबलावर ठेवून मोजा, फरक दिसेल. म्हणजे इंजिन पूर्वी जिथे होतं तिथे आणलंत तरी नव्या माउंटिंगचा हात तिथे नसणारच, तो वरच असणार. इंजिन त्याच्यापर्यंत उचलायचं, बोल्ट पकडायचे आणि मग जॅक हळू सोडायचा, की वजनाने तो आपल्या जागी येतो. काहीजण उलटं करतात, बोल्ट आवळत आवळत हाताला खाली ओढतात. त्या वेळी सगळा ताण अॅल्युमिनियमच्या पहिल्या दोन-तीन आट्यांवर येतो आणि आटे सोलून निघतात.

दुसरं, प्लीज रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. माउंटिंगमधलं रबर बहुतेक वेळा नैसर्गिक रबर असतं, ते खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. टॉर्क रॉडचा बुश दाबून बसवायचा असेल तर साबणाचं पाणी लावा, ते वाळून जातं आणि रबराला काही होत नाही. सिलिकॉनचं ग्रीसही चालतं.

टॉर्करेंच

आता भोक मोठं करण्याबद्दल. पाऊलवाट, राग मानू नका, पण ह्यात तीन अडचणी आहेत.

बोल्ट हा सळईसारखा आडवं वजन घेत नाही, तो दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून धरतो आणि त्या दाबाच्या घर्षणावर सगळं टिकतं. भोक मोठं केलं की बोल्टच्या डोक्याखालची टेकायची जागा कमी होते. हे झालं एक. कानशीने अॅल्युमिनियमवर जे ओरखडे पडतात ते तड जायला उत्तम सुरुवात असते, कारण ह्या हातावर रोज हजारो वेळा उलटसुलट ताण येतो. हे दुसरं. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तिसरं, भोक जुळत नव्हतं म्हणजे इंजिन चुकीच्या जागी होतं, आणि भोक मोठं करून तुम्ही त्याला त्याच चुकीच्या जागी कायमचं बांधलंत. बाकीची दोन माउंटिंग आता सतत पिळलेल्या अवस्थेत आहेत.

पाऊलवाट

राग नाही हो. पण माझ्या गाडीत तो हात पोलादी पत्र्याचा होता, अॅल्युमिनियम नाही, आणि शेजारची दोन भोकं कंपनीनेच लांबट दिलेली होती, म्हणून मला वाटलं तिसरं थोडं लांबवलं तर काय बिघडतंय. एसी लावून सिग्नलला उभा राहिलो की स्टिअरिंग थरथरतं हे मात्र खरं आहे, ते मी आजवर प्लगवर ढकलत होतो. मृण्मयीताई, ह्याचा संबंध असू शकतो का?

मृण्मयी_र

असू शकतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन ठोके होतात. आयडलिंग ७५० आरपीएम धरलं तर सेकंदाला साडेबारा फेरे, म्हणजे २५ ठोके. तीन सिलिंडर असतील तर तेच पावणेएकोणीसच्या आसपास. माउंटिंग मऊ असतं म्हणून हे ठोके बॉडीपर्यंत पोचत नाहीत. पण रबर आधीच एका बाजूला ताणलेलं किंवा दाबलेलं असेल तर ते कडक वागतं, आणि हलायची जागा संपली की आतला धातू धातूच्या अडणीला टेकतो. मग तो ठोका थेट सीटमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये. एसी लावला की इंजिनावर भार येतो, ते अजून थोडं कलतं, म्हणून एसीत जास्त जाणवतं. प्लग वगैरे तपासायचेच, पण आधी सगळी माउंटिंग ढिली करून इंजिन मोकळं बसू द्या आणि परत आवळा, ह्याला पार्ट लागत नाही.

रानवारा

मी एक वेगळी युक्ती सांगतो जिने माझं हे काम कायमचं सोपं झालं. गाइड स्टड.

माउंटिंगच्या बोल्टच्याच मापाचा पण लांब बोल्ट घ्यायचा, आटेही तेच पाहिजेत. एम१२ म्हटलं तरी आटे १.२५, १.५, १.७५ असे तीन प्रकारचे असू शकतात आणि एम१० मध्येही १.२५ आणि १.५ दोन्ही येतात, तेव्हा नुसत्या जाडीवर जाऊ नका, जुना बोल्ट आणि हा बोल्ट आटे एकमेकांत अडकवून उजेडासमोर धरा, मधे फट दिसली तर आटे वेगळे. जुळले की ह्या लांब बोल्टचं डोकं करवतीने कापायचं. कापलेल्या टोकाला कानशीने गोलसर निमुळतं करायचं, पेन्सिलीसारखं टोकदार नाही, करंगळीच्या टोकासारखं, साधारण १० मिमी लांबीत. मग त्याच टोकावर करवतीने एक खाच पाडायची म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने काढता येतो. करवतीचा कीस ब्रशने नीट झटकायचा, आट्यात एक कण राहिला तर तो ब्रॅकेटचे आटे खाईल.

हा स्टड ब्रॅकेटच्या एका भोकात बोटांनी सात-आठ आटे आत फिरवायचा, आवळायचा नाही. आता माउंटिंगचा हात वरून ह्या स्टडवर ओवायचा. निमुळतं टोक आधी भोकात शिरतं आणि हात खाली येता येता स्वतःच जागेवर सरकतो. शक्य असेल तर दोन स्टड करा, दोन टोकांच्या भोकांना, मग मधला खरा बोल्ट हाताने टाकायचा, नंतर एक स्टड काढून तिथे बोल्ट, मग दुसरा. शेवटपर्यंत हात हलायला जागाच मिळत नाही.

चौथा_गिअर

रानवारा, हे भारी आहे. पण माझ्यात हाताच्या वर जागा कमी आहे, लांब स्टड वर टेकेल. किती लांब लागतो?

रानवारा

हाताची जाडी अधिक आत जाणारे आटे अधिक २५-३० मिमी वर, एवढा पुरे. वर एसीचा पाइप किंवा हेडलाइटचा कोपरा येत असेल तर अजून आखूड, फक्त निमुळतं टोक हाताच्या वर डोकावलं पाहिजे म्हणजे स्क्रू ड्रायव्हर बसतो. मी स्टड डब्यात जपून ठेवलेत, गिअरबॉक्स परत चढवताना पण हेच लागतात.

मध्यरात्र

+१ गाइड स्टडला. वेळ नसेल तर चपट्या नाही, गोल निमुळत्या पंचाने पण होतं, शेजारच्या भोकात घालून थोडा कलवायचा. फक्त आट्याच्या भोकात पंच खोल घालू नका, आटे चेपतात.

जुना_फिटर

रानवाराने सांगितलेलं एक नंबर आहे. त्याच्या आधी करायची एक गोष्ट सांगतो, इंजिन कुठल्या दिशेला सरकलंय ते ओळखायची.

माउंटिंगचा हात जागेवर ठेव, बोल्ट काहीच नाही. टॉर्च घे आणि भोकाच्या बरोबर वर डोळा आणून खाली बघ, तिरकं बघशील तर फसशील. हाताच्या भोकातून खालचं आट्यांचं भोक अर्धवट दिसेल, चंद्रकोरीसारखं. एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला ब्रॅकेटचा चकचकीत धातू. काळं ज्या बाजूला, इंजिन त्या बाजूला सरकलंय. काळी कोर रेडिएटरकडे असेल तर इंजिन पुढे गेलंय, मागे ओढायचं. तिन्ही भोकं अशी बघ. तिन्हींच्या कोरी एकाच बाजूला असतील तर सरळ सरकवायचं आहे. एकाची पुढे आणि दुसऱ्याची मागे असेल तर इंजिन फिरलेलं आहे, मग गिअरबॉक्सखालचा जॅक वर-खाली करून बघ. त्या टोकाला थोडं उचललं की ह्या टोकाचा कोन बदलतो.

मागे-पुढे आणायला पहार लावण्यापेक्षा सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा बरा. एक टोक इंजिनाच्या उचलायच्या कड्याला, दुसरं गाडीच्या पक्क्या भागाला, आणि एकेक दात ओढायचा. पहार सोडली की इंजिन परत जातं आणि तुला तीन हात लागतात, पट्टा मात्र धरून ठेवतो. रेडिएटरला, पाइपला किंवा वायरिंगला पट्टा टेकू देऊ नकोस.

जॅकही पंपाचा पूर्ण दट्टा मारायचा नाही. अर्धा, पाव. २ मिमी वर, बघ, परत २ मिमी. चेंबर पत्र्याचा असेल तर चेपतो, अॅल्युमिनियमचा असेल तर तडकतो, म्हणून लाकूड रुंद घे आणि चेंबरच्या कडेला, जिथे तो इंजिनाला जुळतो तिकडे भार येईल असं ठेव.

नवशिका

गिअर टाकून गाडी पुढेमागे हलवली तर इंजिन हलत नाही का? एकाने तसं सांगितलं होतं.

जुना_फिटर

हलतं, पण घोड्यांवर असलेली गाडी हलवायची नाही. ते चारही चाकं जमिनीवर असताना, टॉर्क रॉडचा बोल्ट जुळवायला चालतं, तेही गाडीखाली कुणी नसताना.

टॉर्करेंच

आट्यांबद्दल माझी भर. बोल्ट लावायच्या आधी भोकातले आटे साफ करा, जुना लॉक-सिमेंट आणि कचरा असतो तिथे. टॅप (आटे पाडायचं हत्यार) चालवायची भीती वाटत असेल तर जुनाच बोल्ट घ्या, त्याच्या आट्यांना लांबीत करवतीने दोन-तीन खाचा पाडा आणि तो हाताने आत-बाहेर फिरवा. कचरा त्या खाचांत जमतो, नवीन धातू कापला जात नाही.

बोल्ट आत घालताना आधी उलटा फिरवा, म्हणजे सोडायच्या दिशेने, बोटांनी, हलक्या दाबाने. एका ठिकाणी "टक" करून किंचित खाली पडल्यासारखा होतो, बोटांना कळतं. तिथून सुलटा फिरवा. असं केलं की आडवे आटे पकडायचा प्रश्न येत नाही. पहिले चार-पाच आटे बोटांनीच. रॅचेट लावावा लागला म्हणजे तो सरळ गेलेला नाही, काढा.

अडचणीच्या जागी बोल्ट गोटीतून (सॉकेटमधून) पडतो, तर गोटी आणि बोल्टच्या डोक्यामध्ये चिकटपट्टीचा छोटा तुकडा दुमडून घाला, घट्ट धरून राहतो.

आटे तेलकट करू नका. टॉर्कचा आकडा (बोल्ट किती जोराने आवळायचा तो) जर कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल तर तेल किंवा कॉपर ग्रीस लावल्यावर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. काही गाड्यांत टॉर्क अधिक कोन असतो, म्हणजे ठराविक न्यूटन मीटर आणि मग ९० अंश. ते बोल्ट ताणले जातात, मॅन्युअल नवे टाका म्हणत असेल तर नवेच टाका. आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे, तेव्हा दुसऱ्याच्या गाडीचा आकडा वापरू नका.

चौथा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. उद्या सुट्टी आहे, सकाळी बसतो. टेबलावर मोजलं, नवं माउंटिंग मधे ५ मिमी उंच आहे. काका, कोरी पण बघितल्या, तिन्ही रेडिएटरच्या बाजूला.

जुना_फिटर

म्हणजे टॉर्क रॉडच धरून बसलाय. उद्या आधी तो सोड. इंजिन हलवशील तेव्हा एकदा खाली जाऊन चाकाचे शाफ्ट बघ, आतला जॉइंट बाहेर ओढला जात नाहीये ना, आणि सायलेन्सरचा लवचिक भाग, एसीचे पाइप, होज, कशालाच ताण नको. आणि एकाच माउंटिंगच्या रबरावर इंजिन लोंबतं ठेवून चहाला जाऊ नकोस, रबर फाटतं.

पाऊलवाट

मीही ह्या रविवारी माझी तिन्ही ढिली करून बघणार. हाताला नवा पार्ट मिळतोय का तेही बघतो.

चौथा_गिअर

झालं!!! आत्ता हात धुवून लिहितोय.

क्रम सांगतो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल. बोल्ट कापून दोन गाइड स्टड रात्रीच केले होते. सकाळी गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक लावला, नवं माउंटिंग बॉडीला तीन आट्यांवर लोंबतं ठेवलं. सोडायच्या आधी गिअरबॉक्सच्या माउंटिंगभोवती मार्करने बाह्यरेषा काढली, कारण त्याची भोकं लांबट आहेत आणि नंतर मूळ जागा कळली नसती. मग त्याचे बोल्ट तीन फेरे सैल केले. टॉर्क रॉडचा बोल्ट सहज फिरला पण बाहेर येईना, पाना बाजूला ठेवून जॅक अगदी पाव दट्टा वर केला तर एकदम मोकळा होऊन हातात आला, आणि इंजिन माझ्या डोळ्यांदेखत बोटभर मागे गेलं. मी दोन दिवस पहारीने जे करायला बघत होतो ते त्याने स्वतः केलं. परत टॉर्च घेऊन वरून बघितलं तर कोर जवळपास गेलेली, फक्त एका बाजूला केसभर काळं.

मग दोन्ही स्टड टाकले, इंजिन हळूहळू वर घेतलं, माउंटिंगचा हात स्टडवर आला आणि निमुळत्या टोकावरून घसरत बसला, आवाज पण आला नाही. मधला बोल्ट उलटा फिरवून "टक" ऐकलं, बोटांनी सहा आटे गेला. एक स्टड काढला, बोल्ट. दुसरा काढला, बोल्ट. पहिल्या बोल्टपासून शेवटच्यापर्यंत दहा मिनिटंसुद्धा नाही.

आता काका, आवळायचा क्रम काय? अजून सगळं बोटांवरच आहे, जॅक लावलेलेच आहेत.

जुना_फिटर

शाब्बास. आता दोन्ही जॅक हळूहळू, आळीपाळीने सोड, वजन माउंटिंगवर येऊ दे, पण जॅक काढू नकोस, खाली बोटभर फट ठेवून राहू दे. इंजिन वरून दोन्ही हातांनी पुढेमागे चार-पाच वेळा हलव, बसू दे त्याला. मग मॅन्युअलमध्ये क्रम दिला असेल तर तो. नसेल तर आधी माउंटिंग बॉडीला, मग हात इंजिनला, मग गिअरबॉक्सची बाजू, तुझी बाह्यरेषा बघून. टॉर्क रॉड सगळ्यात शेवटी, गाडी चाकांवर उतरवल्यावर. त्याचे बुश इंजिन आपल्या जागी निवांत असताना आवळले नाहीत तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थरथर सुरू.

गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर बऱ्याच गाड्यांत अर्थची जाड वायर असते. सैल करताना बाजूला झाली असेल तर परत लाव, नाहीतर स्टार्टर रडतो आणि माणूस बॅटरी बदलत बसतो.

चौथा_गिअर

अर्थची वायर तिथेच होती, टोक घासून लावली.

मृण्मयी_र

छान. काही दिवस लक्ष ठेवा, नवं रबर सुरुवातीला थोडं अजून बसतं, त्यात घाबरण्यासारखं नाही.

मध्यरात्र

बोल्ट परत तपासायचे असतात का काही किलोमीटरनंतर?

टॉर्करेंच

कोनाने आवळलेले बोल्ट परत ओढायचे नाहीत. त्यापेक्षा बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाईल अशी मार्करची एक सरळ रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय.

चौथा_गिअर

दहा दिवसांनी अपडेट. साधारण ४०० किलोमीटर झाले. एसी लावून उभं राहिलं तरी स्टिअरिंग शांत आहे, पहिल्या गिअरला क्लच सोडताना पूर्वी खालून एक ठक् असा आवाज यायचा, तोही गेला, म्हणजे जुनं माउंटिंग बरेच दिवस गेलेलं असणार आणि मला सवय झाली होती. आज बॉनेट उघडून टॉर्चने बघितलं, तिन्ही बोल्टवरच्या पांढऱ्या रेघा सलग आहेत. पाऊलवाट, तुमचे दोन स्टड पण करून ठेवलेत, माप कळवा, आटे १.२५ चे असतील तर लगेच देतो.

पाऊलवाट

१.२५ चेच आहेत, आत्ताच जुन्या बोल्टला लावून उजेडासमोर धरून बघितलं. रविवारी तिन्ही माउंटिंग ढिली केली तेव्हा गिअरबॉक्सच्या बाजूचं आपोआप चांगलं ३ मिमी सरकलं. पोलादी हात नवीन मागवलाय, आला की स्टड घ्यायला येतो.